वहीतल्या ‘झाड’ या रकान्याबद्दल बाईंना खुले पत्र

आदरणीय बाई यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी माझी तिसरी नोंदवही भरली. शेवटची नोंद परसातल्या तगरीवर सापडलेल्या अळीची होती, आणि ती करताना लक्षात आले की पतंगाचे नाव लिहिण्याआधी माझ्या हाताने आपोआप झाडाचे नाव लिहिले होते. तीन वर्षांपूर्वी माझ्या वहीत झाडासाठी रकानाच नव्हता. तो तुम्ही आखून दिलात, शाळेत फळ्यावर आखत होतात तसाच पट्टी धरून, आणि वर ‘झाड’ एवढेच लिहिलेत. त्या एका रकान्याबद्दल आणि त्यामागच्या तुमच्या श्रमांबद्दल मी तुमचा किती ऋणी आहे, हे समोरासमोर सांगण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. म्हणून हे लिहीत आहे. पत्र खुले ठेवण्याचे कारण असे की, आपल्या परसात आणि आसपासच्या रानात पतंगांच्या नोंदी करू पाहणारे लोक आता गावोगावी आहेत, आणि मी केलेल्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत असे मला मनापासून वाटते.

मुंबईतली नोकरी संपवून मी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी राहायला आलो, तेव्हा मे महिना सरत आला होता. पहिल्या पावसानंतर पडवीतल्या दिव्यावर पतंगांची जी गर्दी होऊ लागली ती पाहून मी आधी मोबाइलवर फोटो काढू लागलो, आणि पुढे मागील दारी दोन बांबूंना पांढरी चादर ताणून तिच्यापुढे दिवा लावू लागलो. भारतातून पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि फुलपाखरांच्या साधारण चौदाशे, हे वाचून आपल्या चादरीवर काय काय येऊन बसत असेल, या विचाराने मला झोप येत नसे. पहिल्या पावसाळ्यात मला नावे लागली ती मोठ्या पतंगांचीच. उंबरावर वाढणारा, नारिंगी मागच्या पंखांचा असोटा कॅरिकी आणि कण्हेरी-तगरीवर वाढणारा, हिरव्या-गुलाबी नक्षीचा डॅफनिस नेरी हे दोघे मला आधी भेटले. उरलेले तीन-चार मिलिमीटरचे, चादरीवर कोंडा सांडल्यासारखे दिसणारे जीव मी मोजलेसुद्धा नाहीत. ते कुठून येतात हा प्रश्नच मला पडला नव्हता.

तो प्रश्न तुमच्यामुळे पडला, आणि निमित्त झाले लिंबाच्या पानांचे. श्रावणात आमच्या कागदी लिंबाची नवी पालवी वेडीवाकडी वळली, पानांवर चंदेरी नागमोडी रेषा उमटल्या, आणि त्यातली दोन पाने पिशवीत घालून मी तुमच्याकडे आलो ते फवारायला कोणते औषध आणावे हे विचारण्यासाठी. गावात याला नागअळी म्हणतात एवढे मला ठाऊक होते. त्या अळीचा पतंग होतो, हे ठाऊक नव्हते.

तुम्ही पान खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरलेत, भिंग माझ्या हातात दिलेत आणि म्हणालात, “रेषेच्या कोणत्या टोकाला अळी आहे ते सांग.” मी पाहू लागलो. केसाएवढ्या बारीक टोकापासून निघालेली रेषा वळणे घेत, स्वतःच्याच आधीच्या वाटेला समांतर परत फिरत, हळूहळू रुंद होत गेली होती. तिच्या बरोबर मधून विष्ठेची काळपट रेघ दोऱ्यासारखी चालली होती. रुंद टोकाशी, पानाच्या पारदर्शक पापुद्र्याखाली, पिवळसर हिरवी, चपटी, पाय नसलेली अळी डोके इकडून तिकडे हलवत पुढच्या पेशी फोडत होती. मी उभ्या आयुष्यात लिंबाची हजारो पाने हाताळली असतील, पण पानाच्या दोन पृष्ठांमध्ये कोणी राहत असेल हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. दुसऱ्या पानाची कड आत दुमडलेली होती, आणि त्या दुमडीत कोष होता.

औषधाचे नाव तुम्ही सांगितले नाहीत. झाड मोठे आहे, ते एवढे सहज सोसेल, रोपे असती तर गोष्ट वेगळी होती, असे म्हणून तुम्ही एक पारदर्शक डबी दिलीत आणि ओलसर कापसासोबत ते पान तिच्यात ठेवायला सांगितलेत. सहाव्या दिवशी सकाळी डबीच्या झाकणावर तांदळाच्या कणीएवढा एक पतंग बसला होता, रुपेरी पांढरा, पंखाच्या टोकाशी एकच काळा ठिपका असलेला. फायलोक्निस्टिस सिट्रेला. या जातीचे शास्त्रीय वर्णन १८५६ साली स्टेंटन यांनी कोलकात्याच्या नमुन्यांवरून केले. आपल्या मुलखातला हा कणीएवढा जीव १९९३ मध्ये फ्लोरिडाच्या लिंबूवर्गीय बागांत पोहोचला आणि तिथल्या बागाइतदारांची झोप उडवून गेला, कारण त्याने पोखरलेल्या पानांच्या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू सहज आत शिरतात. हे सगळे मी नंतर वाचले. पण डबीचे झाकण हळूच उघडून तो ठिपका प्रथम पाहिला, त्या सकाळचा आनंद वाचनातून मिळणारा नव्हता, आणि तो तुम्ही दिलात.

त्यानंतर चादरीवरच्या कोंड्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली. दिव्यावर आलेल्या तीन मिलिमीटरच्या पतंगाला फोटोवरून नाव देणे बहुतेक वेळा अशक्य असते, पण तोच पतंग अळी असताना पानात आपल्या हस्ताक्षरासारखी खूण सोडून जातो, आणि ती खूण वाचता येते. ती वाचायची कशी हे तुम्ही मला एखादा धडा घेतल्यासारखे शिकवलेत. आधी झाड कोणते ते पाहायचे. मग अळीने पानात पोखरलेला बोगदा नागमोडी आहे की फोडासारखा पसरट. तो पानाच्या वरच्या बाजूला आहे की खालच्या. आत विष्ठा मधोमध रेघेत आहे, विखुरलेली आहे की मुळीच नाही. आणि शेवटी अळी कोषात जाते ती पानातच, पानाच्या कडेला, की खाली मातीत. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या, कीटकांचा तुमचा अभ्यास नाही असे तुम्ही नेहमी सांगत आलात. तरीही पानाकडे पाहण्याची ही शिस्त तुमच्याकडे आयुष्यभराची होती आणि ती तुम्ही जशीच्या तशी माझ्या हाती दिलीत.

टोमॅटोच्या पानांचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. लिंबावरच्या यशाने हुरळून मी परसातल्या प्रत्येक नागमोडी रेषेपुढे ‘पतंग’ असे लिहीत सुटलो होतो. टोमॅटोच्या पानावरची रेषाही मी तशीच लिहिली. तुम्ही भिंगातून पाहिलेत आणि विष्ठा मधोमध नाही, कधी एका कडेला तर कधी दुसऱ्या कडेला आहे, एवढेच दाखवलेत. घरी येऊन वाचले तेव्हा कळले की माशीची अळी पोखरताना पानात कुशीवर पडलेली असते आणि मधूनमधून कूस बदलते, म्हणून तिची विष्ठा दोन्ही कडांना आलटून पालटून पडते. शिवाय तिला पतंगाच्या अळीसारखे कठीण डोके नसते, तोंडाशी दोन बारीक आकडे असतात. आमच्या टोमॅटोवर होती ती लिरिओमायझा या वंशातली माशी. याच टोमॅटोच्या पानांत टुटा अॅब्सोल्युटा नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या पतंगाची अळीही राहते, आणि ती भारतात प्रथम आढळली ती २०१४ साली, आपल्याच महाराष्ट्रात. माशी आणि पतंग यांत गल्लत झाली तर अशा पाहुण्याची वर्दी वेळेवर लागणे कठीण. त्या दिवशी तुम्ही माझ्या वहीतल्या सतरा नोंदी तपासायला लावल्यात आणि त्यांतल्या नऊ माशीच्या निघाल्या.

पण माझे सर्वांत मोठे ऋण त्याहून पुढचे आहे. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी वही घेऊन आलो, तेव्हा सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळी पठाराच्या, कडेच्या रानातल्या शंभराहून अधिक नोंदी तिच्यात होत्या आणि निम्म्याहून जास्त नोंदींपुढे मी ‘ऐन’ असे लिहिले होते. तुम्ही फोटो पाहत गेलात. प्रत्येक फोटोत एक पान होते आणि पानावर बोगदा होता. बऱ्याच वेळाने तुम्ही विचारलेत, “खोड कुठे आहे?” मी खोडाचा फोटो एकदाही काढला नव्हता, कारण माझ्या लेखी झाड म्हणजे बोगदा जिथे आहे ती जागा, यापलीकडे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वयाच्या पंचाहत्तरीत, हातात काठी घेऊन तुम्ही माझ्याबरोबर सड्यापर्यंत आलात. माझा तळहात धरून ऐनाच्या खोडावर ठेवलात. सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांनी भेगाळलेली ती साल हाताला कळली, तेव्हा इतकी वर्षे मी या झाडाखालून नुसता ये-जा करत होतो याची मला खंत वाटली. मग तुम्ही काठीने पलीकडचे झाड दाखवलेत. साल इतकी भेगाळलेली नाही, शेंड्याला तांबूस फळांचे घोस लगडलेले: किंजळ. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख, किंजळीच्या फळाला एक पंख मोठा आणि दोन लहान. दोन्ही झाडे एकाच वंशातली, हिरडा-बेहड्याच्या भावकीतली, आणि कोवळ्या फांदीचे एखादे पान नुसते फोटोत पाहिले तर माझ्यासारख्याची फसगत होणारच. मात्र पानाच्या आत राहणारी अळी फसत नाही. पान पोखरणाऱ्या पतंगांच्या बहुतेक जाती एकाच किंवा अगदी जवळच्या मोजक्या झाडांवर जगतात, आणि म्हणूनच झाड चुकले की त्यापुढची संपूर्ण नोंद चुकते.

त्या आठवड्यात आपण पुन्हा पुन्हा रानात गेलो आणि जी झाडे मला आठवत होती त्यांच्याखाली उभे राहून नोंदी दुरुस्त केल्या. एक्केचाळीस नोंदी ऐनाच्या किंजळीच्या झाल्या. तेवीस नोंदींचे झाड काही केल्या सापडेना, आणि तिथे तुम्ही मला ‘ऐन किंवा किंजळ, निश्चित नाही’ असे लिहायला लावलेत. खोडून टाकायलाही मनाई केलीत. जुन्या शब्दावर एकच आडवी रेघ, शेजारी नवा शब्द, तारीख आणि सही, म्हणजे कोणालाही पुढे पाहता येईल की आधी काय लिहिले होते आणि ते केव्हा बदलले. मला तेव्हा वाईट वाटले होते, हे आज मोकळेपणाने सांगतो. दोन पावसाळ्यांचे काम रेघा मारण्यातच जात आहे असे वाटत होते. मात्र दुरुस्त वही समोर ठेवून पाहिली तेव्हा पानाच्या खालच्या बाजूला होणारा एक पसरट, सुरकुतलेला बोगदा फक्त किंजळीवर होता आणि ऐनावर एकदाही नव्हता. आधीच्या वहीत तो दोन्हींवर विखुरलेला होता आणि त्यातून काहीच दिसत नव्हते. त्या पतंगाचे नाव अजून लागलेले नाही. तरी तो किंजळीचा आहे एवढे मी खात्रीने लिहू शकतो, आणि ही खात्री सर्वस्वी तुमची देणगी आहे.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी तुम्ही माळ्यावरून तुमच्या बी. एस्सी.च्या काळातला वनस्पतींचा संग्रह खाली काढायला लावलात. जाड कागदावर दोऱ्याने टाचलेल्या, पिवळ्या पडलेल्या डहाळ्या. करंजाचा कागद उलगडला आणि आपण दोघेही काही वेळ बोललो नाही. तीन पर्णिकांवर फिकट, फुगीर डाग होते, आणि त्यांतल्या एकाचा पापुद्रा फाटून आतून कोणीतरी बाहेर पडल्याचे स्पष्ट दिसत होते. खाली तुमच्या सुबक अक्षरांत तारीख होती, गाव होते आणि ‘वहाळाच्या काठी, शाळेच्या मागे’ असे ठिकाण होते. तुम्ही ती डहाळी फुलांसाठी घेतली होती. पानांवरचे डाग तेव्हा तुम्हाला दोष वाटले होते. पन्नासेक वर्षांपूर्वीची पतंगाची नोंद तुमच्याच घरात, कोणालाही न कळता, जपून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी आपण वहाळाच्या काठी गेलो. करंज तिथेच आहे आणि त्याच्या पानांवर आजही तसेच डाग आहेत. दिव्यावरचा पतंग उडून गेला की हाती फोटोखेरीज काही उरत नाही. नीट वाळवलेले पान मात्र इतकी वर्षे साक्ष देऊ शकते, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या बोगद्याचे एक पान वाळवून ठेवतो.

कोकणातल्या पावसात पाने वाळवणे किती अवघड आहे हे मला पहिल्याच वर्षी बुरशीने दाखवले. रद्दीचे कागद रोज बदलायचे, आणि ओले कागद चुलीच्या वरच्या फळीवर सुकवून पुन्हा वापरायचे, ही तुमची युक्ती ऐकल्यापासून एकही पान गेलेले नाही.

डबीतून पतंगाऐवजी मुंगीहूनही लहान, चकचकीत हिरवट काळी गांधीलमाशी निघाली, तेव्हा मी निराश होऊन डबी रिकामी करणार होतो. “जे निघाले ते लिही,” असे तुम्ही म्हणालात. पान पोखरणाऱ्या अळ्यांच्या अंगावर जगणारे हे परोपजीवी कीटक निसर्गात या अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवतात, आणि लिंबावरच्या नागअळीला आवर घालण्यासाठी आशियातल्या अशा जाती मुद्दाम परदेशांत नेऊन सोडल्या गेल्या आहेत. आता त्यांच्यासाठी वहीत वेगळी पाने आहेत. लिंबाच्या डब्यांतून काही आठवडे पतंगांपेक्षा गांधीलमाश्याच जास्त निघतात, आणि ज्या वर्षी मी कसलीही फवारणी केली नाही त्या वर्षी त्या लवकर दिसू लागल्या. एका परसातल्या निरीक्षणावरून मी याहून अधिक काही म्हणणार नाही. तुम्हीच तसे म्हणू देणार नाही.

गुळवेलीचेही सांगितले पाहिजे. कुंपणावर चढलेली गुळवेल मी साफ करायला निघालो होतो आणि तुम्ही ती ठेवायला सांगितलीत. पुढच्याच महिन्यात तिच्यावर गडद रंगाची, दोन्ही कुशींना डोळ्यांसारखे मोठे ठिपके असलेली अळी सापडली, जी हात लावताच डोके खाली घेऊन शेपटीकडचा भाग उचलून धरी. ती युडोसिमाची अळी, जिचे प्रौढ पतंग रात्री संत्र्या-मोसंब्यांना सोंड भोसकून रस पितात आणि नागपूरकडच्या बागाइतदारांना चांगलेच माहीत आहेत. आमच्याकडे संत्री नाहीत. मात्र फणसाखाली पडून सडलेल्या गऱ्यांवर मी हे पतंग रात्री पाहिले आहेत, आणि आता ते कोणत्या वेलीवरून आले हेही मला सांगता येते.

चादरीसमोरचा दिवा पहाटे चारलाच बंद करण्याचा तुमचा आग्रह मी पाळतो. दिवा उजाडेपर्यंत चालू ठेवला तर दयाळ आणि बुलबुल चादरीवर ताव मारतात, हे तुम्ही तुमच्या खिडकीतून पाहिले होते. माझ्या नोंदींसाठी बोलावलेल्या पाहुण्यांचा तसा शेवट होणे तुम्हाला मान्य नव्हते. मलाही नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी जगभरातल्या हजारो सूक्ष्मपतंगांना नावे देणारे एडवर्ड मेरिक हे इंग्लंडमधल्या मार्लबरो येथे शाळेत शिक्षक होते, आणि आपल्याकडच्या काजूची कोवळी पाने पोखरणाऱ्या अॅक्रोसर्कॉप्स सिनग्रामा या पतंगाचे नावही त्यांनीच दिलेले आहे. हे वाचले तेव्हा मला तुमची आठवण झाली. तुमच्या नावावर एकही जात नाही. माझ्या वहीतल्या प्रत्येक ओळीत मात्र तुमचा एक रकाना आहे, आणि तो भरल्याखेरीज मी पुढचा रकाना भरत नाही.

दसऱ्यानंतर शेजारच्या बागेतल्या काजूला नवी तांबूस पालवी फुटेल. गेल्या वर्षी तिच्यावरचे पहिले राखाडी फोड मला उशिरा दिसले. यंदा पालवी फुटल्या दिवसापासून एक दिवसाआड तीच दहा झाडे पाहायची, असे शेजाऱ्यांशी बोलून ठरवले आहे, आणि झाडांना क्रमांकाचे पत्रेही लावून झाले आहेत. सोबतच्या पाकिटात सात पाने आहेत. सहांची झाडे मी ओळखली आहेत असे मला वाटते, तरी एकदा तपासावीत. सातवे देवराईच्या कडेच्या एका वेलीचे आहे, खालच्या बाजूला लांबट बोगदा आहे, आणि वेल मला ओळखता आलेली नाही. खोडाचा, पानांच्या मांडणीचा आणि देठाच्या चिकाचा फोटो सोबत ठेवला आहे. फुले नव्हती. रकान्यात सध्या ‘ओळख पटली नाही’ असे लिहिले आहे. गुरुवारी सकाळी येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी